थॅक्स्टर साहेबाचा कोपरा

या लिखाणात कुणाचंच नाव घालायचं नाही असं ठरवून बसलो आहे. माणसं गेली, त्यांची नातवंडं आहेत, उगाच कुणाला वाटायचं की आमच्या आजोबांची चेष्टा केली. पण एक आडनाव मात्र लिहावंच लागेल, कारण गोष्टच त्याची आहे. आमच्या साहेबाचं आडनाव थॅक्स्टर होतं. ते नीट उच्चारायला मला तीन महिने लागले, आणि त्या आडनावामुळे माझ्या डोक्यावर छप्पर आलं.

मी मूळचा खानदेशातला. वडील गेले तेव्हा मी मराठी चौथीत होतो. तिथेच शाळा सुटली. गुरुजींनी दोनदा घरी निरोप पाठवला होता, मी गेलो नाही, त्याची हळहळ अजून आहे. पुढे सडकेच्या मोजणीवर लागलो. मोजणीची लोखंडी साखळी असते, तिचं एक टोक धरून पुढे चालायचं आणि साहेब थांब म्हणेल तिथे थांबायचं. हे काम मला मानवलं, कारण थांब म्हटल्यावर थांबणं मला पहिल्यापासून जमायचं. साहेबाची बदली कुलाबा जिल्ह्यात झाली तेव्हा त्याने विचारलं, येणार का? नाही म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. बायको पोटुशी होती, तिला माहेरी पोचवलं आणि मी साहेबाच्या सामानाबरोबर पोलादपूरला आलो.

साहेब मुसाफिरी बंगल्यात राहायचा आणि आम्ही चार गडी मागच्या खोलीत. काम कशेडी घाटाच्या सडकेचं. पावसात दरड कुठे येते, मोरी कुठे तुंबते, हे बघत मापं घ्यायची. मला सगळ्याचीच धास्ती वाटायची. डोंगर एवढे जवळ मी कधी पाहिले नव्हते. आमच्याकडे नजर टाकली की ती लांब जाऊन थकून परत येते, इथे ती समोरच आपटायची. त्यातून जो तो पावसाच्या गोष्टी सांगे, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत कुणाचं तरी काहीतरी वाहून गेलेलं असे.

पोलादपुरातून कापडे गावाच्या वाटेला लागलं की दहा-अकरा उंबऱ्यांची एक वाडी होती. तिथल्या थोरल्या माणसाला सगळे बाबा म्हणत, मीही म्हणू लागलो. साठीचा, काटक माणूस. त्याचे दोन मुलगे मुंबईला गिरणीत होते आणि घरची भातशेती तो नि त्याची बायको, आमची काकी, रेटत. पहिल्याच भेटीत त्याने मला ओटीवर बसवण्याआधी आडनाव विचारलं, मग गाव, मग कुळातला देव. एवढं झाल्यावर पाणी दिलं. मग म्हणाला, आता सायबाचं सांग. मी कसंबसं थॅक्स्टर म्हटलं. ते कशावरून पडलं, असं त्याने विचारलं. मला काय ठाऊक? त्याला ते आवडलं नाही. ज्याची साखळी धरून रानोमाळ फिरतोस त्याचं मूळ तुला माहीत नाही, म्हणाला.

त्या वाडीच्या लेखी आडनाव म्हणजे नुसतं हाक मारायचं साधन नव्हतं. पालखीला पहिला खांदा कुणाचा, होळीला पहिला पेंढा कुणी ठेवायचा, नवं भात देवाला कुणी वाहायचं, हे सगळं आडनावावर ठरलेलं होतं. त्याला मान म्हणत. मान चुकला तर भांडण तीन पिढ्या चाले. त्यामुळे मी गेलो की बाबा विचारायचाच, कळलं का?

शेवटी एकदा धीर करून मी साहेबाला विचारलं. साहेबाची मराठी परीक्षा झालेली होती, तो आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचा. मला 'आपण' म्हणायचा, बंगल्यातल्या कुत्र्यालाही 'आपण' म्हणायचा. 'आपण कृपया साखळी ताणावी,' असं म्हणाला की मला कानकोंडं व्हायचं. माझा प्रश्न ऐकून तो हसला. म्हणाला, मला नक्की माहीत नाही, आत्याला लिहून विचारतो, तिला वेळ भरपूर आहे.

आत्याचं उत्तर यायला होळी उलटून गेली. कापड्याच्या अलीकडे आंब्याखाली भाकरीला बसलो होतो तेव्हा साहेबाने ते पत्र काढलं आणि आपल्या पुस्तकी मराठीत मला अर्थ सांगत गेला. आत्या विलायतेच्या पूर्व टोकाला, दलदलीच्या मुलखात राहायची. तिने देवळातली जुनी दप्तरं उघडून बघितली होती. तिकडच्या जुन्या भाषेत थॅक म्हणजे छपरावर घालायचं गवत आणि थॅक्स्टर म्हणजे ते घालणारा. दक्षिणेकडचे लोक त्यालाच थॅचर म्हणतात, उत्तरेकडचे थॅकर, पण धंदा एकच. एका बापाच्या तीन मुलांचं आडनाव तीन पाद्र्यांनी तीन तऱ्हांनी लिहून ठेवलेलंही तिला सापडलं होतं. थंडीत दलदलीतला बोरू कापायचा, होडीतून आणायचा आणि घरांवर घालायचा, असं या घराण्याचं पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. साहेबाचा पणजोबा शेवटचा. त्याचा मुलगा दुकानात बसला, नातू मास्तर झाला आणि पुढचा सडका मोजायला इथे आला. काम सुटलं आणि आडनाव तेवढं अंगाला चिकटून राहिलं. शिवाय त्या आडनावाचं 'स्टर' हे शेपूट फार पूर्वी बायकांच्या कामाच्या नावाला लावत, असंही आत्याने लिहिलं होतं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

मला बोरू म्हणजे शाळेतल्या लेखणीचा बोरू माहीत. त्याचं कुणी घर शाकारतं हे ऐकून मी भाकरी खायची विसरलो.

संध्याकाळी बाबाला सगळं सांगितलं. पावसाळ्याआधी घरावर नवं गवत, नवा पेंढा घालतात त्याला इकडे शाकारणी म्हणतात, आणि बाबा हा त्या कामात साऱ्या पंचक्रोशीचा वस्ताद. त्याने डोळे मिटून ऐकलं. मग काकीला आत हाक मारून म्हणाला, "गो, आयकलास? सायेब आपल्यातला हाय. शाकारनारा."

काकीला शेपटाचं ऐकून जास्त आनंद झाला. म्हणाली, "म्हंजे त्यांच्यात बाईच चढायची वर. नि आमी जल्मभर खालनं पेंढ्या फेकतोय."

आता माझी अडचण सांगतो. मी एक मोठी चूक करून बसलो होतो. बायकोला मुलगी झाल्याचं कार्ड आलं त्या दिवशी आनंदाच्या भरात मी उलट लिहिलं की इथे घर आहे, तुम्ही दोघी या. घर कुठलं! वाडीच्या कडेला बाबाचा एक पडका गोठा होता, मेढी आणि वासे उभे, वर आभाळ. बाबाने तो मला दिला होता. वेळ मिळेल तसा मी कारवीचा कूड बांधला, काकीने तो शेणमातीने लिंपून दिला. पण छप्पर एकट्याने होत नाही. त्या वाडीत शाकारणी सावडीने चाले. सावड म्हणजे असं की प्रत्येक घराने दुसऱ्या प्रत्येक घराच्या छपराला एक हात द्यायचा, मग तुमच्या घराच्या दिवशी सगळे हात तुमच्याकडे. मुंबईला असलेल्यांच्या बदली त्यांच्या चुलीवरचा कुणीही चाले, पण हात आलाच पाहिजे. मी दिवसभर कशेडीच्या वळणांवर साखळी धरून असायचो. सहा छपरं होऊन गेली आणि माझ्या घराचा एकही हात कुठे लागला नव्हता.

रजा मागितली असती तर? तेच तर मला येत नव्हतं. साहेबाने एवढ्या लांब आणलं, भाकर दिली, आणि आता काम सोडून छपरावर जातो म्हणायचं? साहेबाचा कारकून सारखा त्याच्या कानाला लागलेला असायचा, तो म्हणेल याच्या जागी दुसरा बघू. असे विचार करत मी रोज साखळी उचलत राहिलो. तेवढ्यात मेहुण्याचं कार्ड आलं. वैशाख सरला की मुंबईहून आगबोटी बंद, म्हणून शेवटच्या बोटीने तो दोघींना घेऊन दासगावच्या धक्क्यावर उतरणार होता. बोट चुकली तर त्या दोघी पाऊस सरेपर्यंत तिकडेच, आणि आल्या तर कोकणातल्या पावसात उघड्या वाशांखाली.

बाबाला कार्ड दाखवलं. त्याला वाचता येत नव्हतं तरी त्याने ते उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाला, नियम मोडता येत नाही, एकाला सोडलं की उद्या मुंबईवाले सगळेच सोडा म्हणतील. थोडा वेळ अंगठ्याने जमीन उकरत बसला. मग एकदम विचारलं, तू कोणाच्या चुलीवर जेवतोस? मी म्हटलं, साहेबाच्या. झालं तर, म्हणाला, त्याची चूल ती तुझी चूल, आणि माणूस तर आडनावाचाच शाकारणारा. तुझ्या घराचा हात तो.

मला वाटलं थट्टा. पण रविवारी सकाळी मी बंगल्याच्या ओट्यावर साखळीला तेल लावत होतो तर बाबा डोक्याला धुतलेलं मुंडासं बांधून, हातात नारळ-सुपारी घेऊन फाटकातून आत येताना दिसला. मागून वाडीतले चौघे. माझ्या हातातली तेलाची वाटी कलंडली.

कारकून महाडचा, बोलणं पुण्याच्या वळणाचं. तो आडवा आला. काम काय ते मला सांगा, म्हणाला. बाबाने सांगितलं. कारकुनाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "साहेबांना छपरावर चढवायला आलात? या पोराला परत खानदेशात धाडायचा विचार दिसतोय तुमचा."

तेवढ्यात साहेब स्वतःच बाहेर आला. बाबाने नारळ-सुपारी त्याच्या हातात ठेवली. त्या डोंगरात लहान-थोर सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, तसं बाबा म्हणाला, "सायेब, तुजं आडनाव आमाला कळलं. हा पोरगा तुज्या चुलीचा. ह्याच्या घराचा हात तुजा, नि पयल्या पेंढीचा मानबी तुजा. त्याची लेक येतेय बोटीनं."

'तुजं' ऐकून कारकुनाने डोळे मिटून घेतले. साहेबाने नारळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी साखळीच्या कड्या मोजत होतो. चाळीसपर्यंत गेलो असेन.

"पण मला छप्पर येत नाही," साहेब म्हणाला.

"आडनाव हाय नि येत नाय?"

"लहानपणी आत्याच्या घरावर छप्पर घालताना मी शिडी धरून उभा होतो. तेवढंच. आणि ते घालणाऱ्याच्या आडनावाचा अर्थ लोहार होतो."

बाबा हबकलाच. "लोहार छप्पर घालतो, नि छपरवाला सडक करतो. मग तुमच्यात कोनाचा मान कोनाला जातो?"

साहेबाने यावर खरंच विचार केला. म्हणाला, "बहुधा कुणालाच जात नाही." आणि बाबाला त्याची एवढी दया आली की त्याने साहेबाच्या दंडावर हात ठेवला. आपल्यादेखत साहेबाला कुणी हात लावलेला कारकुनाने पहिल्यांदाच पाहिला असेल.

मग साहेब माझ्याकडे वळला. बोट केव्हा, घर कुठे, छप्पर का नाही, एकेक विचारत गेला आणि मी सांगत गेलो. शेवटी म्हणाला, "आपण मला विचारलं का नाही?"

भीती वाटली, एवढंच म्हणालो.

साहेबाने तिथल्या तिथे मला आठ दिवस मोकळं केलं. उद्यापासून साखळीचं टोक कारकून धरतील, म्हणाला. कारकुनाचा चेहरा मी बघायला हवा होता, पण माझे डोळे भरून आले होते.

आठ दिवसांत राहिलेल्या चार छपरांना मी हात दिला. आधीच्या सहांच्या बदली साहेबाचा हात धरायचं बाबाने वाडीकडून कबूल करून घेतलं होतं. आमच्याकडे मातीची धाब्याची घरं. त्यांवर माणसं झोपतात, मिरच्या वाळवतात. उतरत्या छपरावर चढणं मला नवीन. दोनदा घसरलो आणि दोन्ही वेळा काकीने खालून सांगितलं की खानदेशातून पीक लवकर उतरलं. तिनेच मला पेंढी बांधायची गाठ शिकवली. ती मला येते असं माझं मत होतं.

पुढच्या रविवारी माझ्या घराचा दिवस. साहेब अर्धी विजार घालून आला. बाबाने पहिली पेंढी त्याच्या हातात दिली. ती त्याने बुडखा खाली करून ठेवली, तसे सगळे ओरडले. वाडीत पेंढ्याचा शेंडा खाली ठेवतात आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवी ओळ लावत वर जातात. साहेब म्हणाला, आमच्याकडे बुडखा खाली, आणि वळचणीपासून आढ्यापर्यंत एकेक उभा पट्टा पुरा करतात. त्या लोहाराला असंच करताना पाहिलं आहे. दोघेही वाशावर बसून वाद घालू लागले. खाली सगळे हात कमरेवर. ऊन चढत होतं, मला डोळ्यांपुढे दासगावची बोट दिसत होती.

शेवटी बाबाने तोड काढली. पश्चिमेकडच्या कोपऱ्यात दोन हात रुंदीचा पट्टा साहेबाचा, त्याच्या रीतीने. बाकी वाडीच्या रीतीने. "पाऊस काय ते सांगेल," बाबा म्हणाला.

साहेबाचा पट्टा व्हायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात बाकीचं सगळं छप्पर झालं. त्याच्या पट्ट्याला टेकणारी ओळींची टोकं मी बांधली. दुपारी काकीने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण वाढलं. साहेब पेंढ्यावर बसून जेवला, घामाने लाल झालेला, पोरासारखा खूश. तो म्हणाला की हे सगळं आत्याला लिहीन, ती पणजोबाच्या थडग्यावर जाऊन सांगेल.

चार दिवसांनी मी दासगावच्या धक्क्यावर उभा होतो. मुलगी टोपडं घालून झोपलेली होती. तिचं पहिलं दर्शन मला मेहुण्याच्या खांद्यावर झालं, अर्धा गाल. बैलगाडीने महाडवरून पोलादपूरला आलो. वाडीपाशी उतरल्यावर बायकोने घराकडे नीट बघितलं. ती धाब्याच्या घरात वाढलेली. म्हणाली, कडब्याच्या गंजीत राहायला आणलंत की काय आम्हाला? मग आत गेली, मान वर करून आढ्यापर्यंत बघत राहिली आणि पिशवी खुंटीला अडकवली. पिशवी अडकवली म्हणजे राहणार, हे मला कळलं.

पाऊस आला तो चार दिवस थांबलाच नाही. पाचव्या दिवशी पश्चिमेकडे, चुलीच्या वर, एक थेंब पडायला लागला. बायकोने खाली तांब्या ठेवला. बातमी वाडीभर झाली. जो तो येऊन तांब्यात डोकावून जाई आणि म्हणे, सायबाचा कोपरा. मला फार वाईट वाटलं. साहेब छत्री घेऊन चिखलातून मुद्दाम बघायला आला, थेंबाखाली हात धरून उभा राहिला आणि म्हणाला की लोहारालाच बोलवायला हवं होतं. मुलगी मात्र टप्‌टप् ऐकून हसायची, त्यामुळे बायकोची काही तक्रार नव्हती.

उघडीप मिळाली तशी बाबा वर चढला. बराच वेळ खुडबुड करत होता. साहेब, मी, काकी, सगळे खाली मान वर करून. मग त्याने वरून पेंढ्याची एक सुटलेली गाठ माझ्या पायाशी टाकली.

"ही तुजी रे," म्हणाला. "सायबाचा कोपरा कोरडा ठणठणीत हाय."

काकी पदर तोंडाला लावून हसत सुटली. साहेबाने छत्री मिटली. बाबा खाली उतरला, हात झाडले आणि साहेबासमोर उभा राहून फक्त एवढंच म्हणाला, "आडनाव खोटं नाय."

साहेबाला त्यानंतर कुणी काही दिलं असेल नसेल, त्या एका वाक्याइतकं खूश मी त्याला कधी पाहिलं नाही.

दोन वर्षांनी त्याची बदली झाली. मला विचारलं, येणार का? या वेळी मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "आपण विचार करून उत्तर दिलंत, ठीक," आणि सडकेवरच मला मैलाच्या कामाला, म्हणजे एक मैल सडक सांभाळायला, लावून गेला. त्या कामावर मी इथेच राहिलो. मुलगी इथेच मोठी झाली, वाडीतल्या पोरींसारखं नाय-हाय बोलू लागली.

साहेब गेल्यावरच्या शाकारणीला माझ्या घराचा हात मी स्वतः दिला, सगळ्या छपरांना. माझ्या घराच्या दिवशी पश्चिमेच्या कोपऱ्याशी आल्यावर मी आपला शेंडा खाली करून पेंढी ठेवली, तशी बाबाने माझ्या हातावर चापट मारली. तो कोपरा थॅक्स्टरांचा, म्हणाला. आडनाव त्याला अगदी नीट म्हणता आलं, कधी सराव केला होता कोण जाणे. ती पेंढी उचलून त्याने उलटी केली, बुडखा खाली, आणि वळचणीपासून आढ्यापर्यंत दोन हात रुंदीचा पट्टा स्वतः बांधला. पुढे दरवर्षी तसंच चाललं. बाबा गेल्यावर मी बांधू लागलो. गाठ मात्र काकी खालून तपासायची.